किटचं प्लास्टिक न खाणारा प्रायमर: निवड, चाचणी आणि सोलापूरच्या हवेत तो मारायची रीत

सोलापुरात रंगाच्या दुकानात जाऊन नुसतं ‘प्लास्टिक प्रायमर द्या’ म्हटलं, तर पुढ्यात काय येईल याचा नेम नाही. घरांना रंग देणाऱ्यांच्या बोलीत प्लास्टिक म्हणजे भिंतीचा प्लास्टिक पेंट, त्यामुळे भिंतीचा पांढरा प्रायमर हातात पडेल. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात प्लास्टिक म्हणजे बंपर. तिथे पाण्यासारखा पारदर्शक, नाकात झिणझिण्या आणणारा द्राव मिळेल. हार्डवेअरवाल्याकडे ‘लोखंड, लाकूड, प्लास्टिक, सगळ्यासाठी’ असं छापलेला स्प्रे कॅन निघेल. जोडायच्या प्लास्टिक मॉडेल किटच्या १/७२, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढ्या, विमानावर यांतलं काहीही डोळे झाकून मारण्यासारखं नाही, आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

भिंतीचा प्रायमर गिलाव्यासाठी बनलेला असतो. गिलावा खडबडीत आणि द्राव शोषून घेणारा. किटचं प्लास्टिक गुळगुळीत आणि थेंबही न शोषणारं. हा प्रायमर प्लास्टिक विरघळवत नाही, म्हणून मारल्या मारल्या सगळं छान दिसतं. दोन दिवसांनी मास्किंग टेप ओढली की पापुद्रा टेपसकट हातात येतो. शिवाय त्यात खडूसारखी भुकटी भरपूर असते, ती पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या केसाएवढ्या कोरीव रेघांत, म्हणजे पॅनेल लाइनमध्ये, जाऊन बसते आणि रिव्हेट बुजवते.

बंपरचा प्रायमर उलट टोकाचा. बंपर बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या मिश्रणाचे असतात आणि पॉलिप्रॉपिलीनवर सहसा काहीच चिकटत नाही. म्हणून त्या प्रायमरमध्ये क्लोरिनेटेड पॉलिओलेफिन नावाचं राळेसारखं द्रव्य टोल्यूइन किंवा झायलीनमध्ये विरघळवून दिलेलं असतं. बंपरला त्या द्रावकाने काही होत नाही. किटचं पॉलिस्टायरीन मात्र त्यात गुळासारखं विरघळतं. बाटलीवर ‘प्लास्टिक प्रायमर’ छापलंय ते खोटं नाही, फक्त ते प्लास्टिक तुमचं नाही.

स्प्रे कॅनचं तर सगळं आतल्या मिश्रणावर. त्याकडे पुढे येऊच.

किट कशाचं आहे ते आधी बघा

विमानं, रणगाडे, जहाजं, गाड्या यांची नेहमीची इंजेक्शन मोल्डेड किट पॉलिस्टायरीनची असतात. गनप्लासारख्या (गंडम रोबोटच्या) जपानी किटमध्ये चौकटीवर, म्हणजे रनरवर, बारीक अक्षरांत ‘पीएस’ (पॉलिस्टायरीन), ‘एबीएस’ (दुसरं एक कडक प्लास्टिक), ‘पीई’ (पॉलिथिन) असं उठवलेलं असतं. बाहेरचं चिलखत पीएसचं आणि हलणारे सांधे एबीएसचे, असं मिश्रण जुन्या किटमध्ये सर्रास सापडतं. एबीएसच्या सांध्यावर ताण असतो, आणि ताणाखालच्या एबीएसवर थिनर गेलं की तो आठवड्याभरात तडकू शकतो. अशा किटला प्रायमर मारायचा तर सांधे आधी सुटे करायचे, सुटेच रंगवायचे, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत खटकन बसवायचे नाहीत. ‘पीई’ असलेले भाग, म्हणजे मऊ टोप्या आणि बुशिंग, तसेच सोडून द्या. ते रंगासाठी नसतातच.

१/७२ चे वाकणारे मऊ सैनिक पॉलिथिनच्या जातीचे असतात. त्यांच्यावर किटचा कुठलाही चांगला प्रायमर वाकवल्यावर सुटतो. गंमत म्हणजे वर ज्याला नावं ठेवली तो बंपरचा पारदर्शक प्रायमर इथे उपयोगी पडतो: आधी त्याचा एक पातळ हात, वर नेहमीचा प्रायमर. रेझिनचे सुटे भाग थिनरला घाबरत नाहीत, पण साच्यातलं मेण अंगावर घेऊन येतात, म्हणून त्यांना दोनदा धुवा. फोटो-एचला, म्हणजे पातळ पितळी पत्र्यातून कोरलेल्या बारीक भागांना, वेगळा मेटल प्रायमर लागतो.

रिमोट कंट्रोल गाड्यांच्या पारदर्शक बॉडी पॉलिकार्बोनेटच्या. इथे नावाचा एक सापळा आहे. तामिया या जपानी मॉडेल कंपनीच्या स्प्रे कॅनवर ‘पीएस’ ही अक्षरं दिसली की पॉलिस्टायरीन आठवतं. पण ती मालिका पॉलिकार्बोनेटसाठी आहे आणि किटच्या प्लास्टिकवर मारायची नाही. किटसाठी त्यांची ‘टीएस’ आणि विमानांच्या रंगछटांची ‘एएस’ ही मालिका. उलटी चूक केली, म्हणजे ‘टीएस’ पॉलिकार्बोनेटवर मारला, तर गाडी पहिल्यांदा आपटल्यावर रंगाचे पोपडे निघतात.

प्रायमर प्लास्टिक का खातो

किट जोडायचं पातळ सिमेंट, म्हणजे चिकटवायचा द्राव, बघा. तामियाच्या एक्स्ट्रा थिन सिमेंटमध्ये ब्यूटिल अ‍ॅसिटेट आणि अ‍ॅसिटोन असतं. ते दोन्ही कडांचं पॉलिस्टायरीन वितळवतं, कडा एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातं, सांधा पक्का होतो. आता हीच द्रावकं प्रायमरमध्ये भरपूर असली आणि ती पृष्ठभागावर सावकाश बसून राहिली, तर जे सांध्याला होतं ते अख्ख्या पंखाला होणार.

म्हणजे अ‍ॅसिटोन दिसलं की प्रायमर बाद, असं समजू नका. किटसाठी बनवलेल्या चांगल्या लॅकर (तीव्र द्रावक उडून वाळणाऱ्या) प्रायमरमध्येही याच घराण्यातली द्रावकं असतात. पण ती बेताने घातलेली असतात, पातळ हातात पटकन उडून जातात, आणि जाता जाता प्लास्टिकला जेमतेम चावा घेतात. त्या चाव्यामुळेच लॅकर प्रायमरची पकड पाण्याच्या प्रायमरपेक्षा घट्ट असते. चावा किती वेळ चालतो, हा खरा प्रश्न. त्यामुळे उत्तम प्रायमरही एकाच जागी ओला, जाड मारला तर तपशील गिळतो. आणि बरा म्हणावा असा स्वस्त कॅन हलक्या फवाऱ्याने मारला तर कधी कधी निभावून नेतो. त्यावर विसंबून मात्र राहू नका, कारण त्याच कॅनचं मिश्रण पुढच्या खेपेला तेच असेल असं नाही.

डब्यावर काय वाचायचं

पुढची बाजू जाहिरातीची असते. मागची बाजू वाचा, धोक्याच्या चिन्हांजवळची बारीक अक्षरं.

टोल्यूइन, झायलीन, मेथिल एथिल कीटोन ही नावं सुरुवातीलाच असतील आणि कॅन लोखंड किंवा गाडीसाठी असेल, तर तो किटपासून लांब ठेवा. नुसतं ‘एनसी’ लिहिलेला प्रायमर सर्फेसर म्हणजे नायट्रोसेल्युलोज. गॅरेजमध्ये पत्र्यावर मारतात तो. त्याला लागणारं एनसी थिनर पॉलिस्टायरीनवर एक थेंब टाकून बघा: अर्ध्या मिनिटात जागा चिकट होते. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळायचा प्रायमर, याचा थर जाड बसतो आणि वाफा घातक असतात. टेबलावरच्या छंदासाठी ते काम नव्हे. रेड ऑक्साइड हा शब्द दोन ठिकाणी येतो: ग्रिलला मारायचा तांबडा प्रायमर वेगळा, आणि रणगाड्यांसाठी मिळणारा बारीक, तांबूस छटेचा मॉडेल प्रायमर वेगळा. रंग एक, कूळ दोन.

कॅनमधला दाबाचा वायू डायमिथिल ईथर असेल तर तोही स्वतः द्रावक आहे, हेही लक्षात ठेवा. एलपीजी असेल तर ती एक काळजी कमी, पण आगीचा धोका दोन्हींत सारखाच.

मग घ्यायचा कुठला

लॅकर गटात दोन नावं जगभर वापरली जातात. तामियाचा फाइन सरफेस प्रायमर कॅनमध्ये येतो, आणि जीएसआय क्रेओसचा मिस्टर सर्फेसर कॅनमध्येही आणि बाटलीतही. सर्फेसरवर ५००, १०००, १२००, १५०० असे आकडे असतात. आकडा जितका लहान तितका प्रायमर भरड. ५०० चा उपयोग पुट्टीसारखा: सांध्यातली फट, साच्याचा खड्डा, घासलेल्या जागेचे ओरखडे. पूर्ण मॉडेलवर तो मारू नका. १००० रोजच्या कामाचा. १/७२ ची विमानं, १/७०० ची जहाजं आणि चकाकणाऱ्या गाड्या यांना १२०० किंवा १५००.

पाण्याच्या गटात व्हायेहोचा सरफेस प्रायमर आणि बॅजरचा स्टायनिलरेझ ही ओळखीची नावं. दोन्ही अ‍ॅक्रिलिक-पॉलियुरेथेन जातीचे. प्लास्टिक अजिबात खात नाहीत, वास कमी, फ्लॅटच्या गॅलरीतही चालतात. व्हायेहोत ७०.६०० पांढरा, ७०.६०१ राखाडी, ७०.६०२ काळा. तोटा असा की पकड रासायनिक नसते. वर नुसती कातडी तयार होते. व्हायेहोचा थर चोवीस तासांच्या आत वॉटर पेपरने घासला तर रबरासारखा गोळा होऊन सुटतो. सांधे घासून पुन्हा प्रायमर मारायचं काम जास्त असेल, तर लॅकरच घ्या. पेंटब्रशने सैनिक रंगवायचे असतील तर पाण्याचा पुरेसा आहे.

एनॅमल प्रायमरही किटला निर्धोक, कारण तो टर्पेंटाईनमध्ये असतो. पण वाळायला दिवस दिवस घेतो, आणि अर्धवट वाळलेल्या एनॅमलवर लॅकर मारलं की सुरकुत्या पडतात. आज तो मुद्दाम निवडावा असं कारण दिसत नाही.

छटा कुठली, याचं उत्तर नव्वद टक्के वेळा राखाडी. राखाडीवर सांध्याची रेघ आणि बोटाचा ठसा लगेच दिसतो. पिवळा, तांबडा किंवा पांढरा रंग वर यायचा असेल तर पांढरा किंवा गुलाबी. धातूच्या चकाकीखाली चकचकीत काळा, आणि तो काळा आरशासारखा गुळगुळीत हवा.

मागवण्याबद्दल थोडं. स्प्रे कॅन हा ज्वलनशील माल आहे. विमानाच्या पार्सलने येत नाही, रस्त्याने येतो, म्हणून चार दिवस जास्त धरा. पुण्याला कुणी गेलं असेल तर ‘येताना हुतात्मा एक्स्प्रेसने दोन कॅन घेऊन ये’ असं सांगू नका. रेल्वेत ज्वलनशील वस्तू न्यायला बंदी आहे. पाण्याच्या प्रायमरच्या बाटलीला ही अडचण नाही. आणि आलेला कॅन मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत विसरू नका. ५० अंशांच्या वर नेऊ नका असं कॅनवर छापलेलं असतं, आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी तिथपर्यंत सहज पोचते.

थिनर वेगळं, त्याचं मन वेगळं

दुकानात ‘थिनर’ हा एकच शब्द चालतो, पण वस्तू निदान तीन: एनसी थिनर, पीयू (पॉलियुरेथेन) थिनर आणि टर्पेंटाईन. एनसी थिनर एअरब्रशची (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाची) सुई आणि कप धुवायला उत्तम, स्वस्तही. पण जे मिश्रण प्लास्टिकवर पोचणार आहे त्यात ते घालू नका. चांगला प्रायमर घेऊन त्यात गॅरेजचं थिनर ओतणं म्हणजे डब्यावरची हमी आपल्या हाताने पुसणं. मिस्टर सर्फेसरसाठी त्याच कंपनीचं लेव्हलिंग थिनर. त्यात वाळणं लांबवणारं रिटार्डर असतं, आणि सोलापुरात ते किती कामाचं आहे ते पुढे कळेल. पाण्याच्या प्रायमरला त्याच कंपनीचं थिनर किंवा फ्लो इम्प्रूव्हर (रंग वाहता ठेवणारा द्राव), थेंबांच्या हिशेबात.

चाचणी

ही पायरी टाळली नाही तर बाकी काही चुकलं तरी बहुतेक वेळा किट वाचतं.

रिकामा रनर फेकू नका. त्यावर किटचं नाव किंवा क्रमांक असलेली चपटी पट्टी असते. ती चाचणीला सगळ्यांत चांगली, कारण ती सपाट आहे आणि तिच्यावर उठावदार अक्षरं आहेत. सोबत जुन्या सीडीच्या डबीचं पारदर्शक झाकण घ्या. तेही पॉलिस्टायरीनचंच. घरात पडलेला प्लास्टिकचा चमचा मात्र चाचणीला धरू नका: हल्लीचे बरेचसे पॉलिप्रॉपिलीनचे असतात, आणि त्यांच्यावर सगळेच प्रायमर निर्दोष ठरतात.

पट्टी साबणाने धुऊन वाळवा. ब्लेडच्या टोकाने तिच्यावर एक बारीक रेघ ओढा, पॅनेल लाइन समजा. मग पट्टीच्या अर्ध्या भागावर हलका फवारा, आणि उरलेल्या अर्ध्यावर मुद्दाम ओला, ओघळ येईल असा हात. सीडीच्या झाकणावरही तसंच.

दहा मिनिटांनी पट्टी ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. ओल्या बाजूची अक्षरं गोलसर, वितळल्यासारखी झालीत का? ओढलेली रेघ भरली का, की तिच्या कडा मऊ पडल्या? सीडीचं झाकण उलटं करून मागून बघा. प्रायमरखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा चमकत असतील तर तो प्रायमर पारदर्शक भागांजवळ नेऊ नका. सीडीचं प्लास्टिक किटपेक्षा ठिसूळ असतं, त्यामुळे तिथे भेगा आणि पट्टीवर काहीच नाही, असंही होतं. अशा वेळी प्रायमर चालेल, पण हलक्याच हातांनी आणि कॅनोपी (वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण) झाकून.

पट्टी चोवीस तास तशीच ठेवा. मग नख रुतवून बघा. नखाची खूण खोल उमटली तर खालचं प्लास्टिक अजून मऊ आहे. त्यानंतर ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर उभ्या-आडव्या चार-चार रेघा ओढून चौकटी करा, वर मास्किंग टेप अंगठ्याने घट्ट दाबा आणि टेप स्वतःवर दुमडून एका झटक्यात मागे ओढा. कडेचे एखाद-दोन चौकोन सुटले तर ठीक. निम्मे सुटले तर धुण्यात कसर आहे की प्रायमरमध्ये, हे पुन्हा एकदा धुतलेल्या पट्टीवर तपासा.

धुणं, आणि बोअरचं पाणी

साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट पदार्थ किटवर राहतो. अर्धा लिटर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, जुना मऊ टूथब्रश, आणि भाग रनरवर असतानाच घासा. सुटे केल्यावर मोरीच्या जाळीतून एखादी अँटेना गेली की गेली.

सोलापुरात खरी अडचण शेवटच्या पाण्याची. नळाला रोज पाणी नाही, म्हणून बऱ्याच घरांत वापरायला बोअरचं पाणी, आणि ते जड. वाळल्यावर बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो तोच बारीक ठिपक्यांत पंखावर बसतो आणि प्रायमरखाली खडीसारखा टोचतो. म्हणून शेवटचं खंगाळणं आरओच्या पाण्यात किंवा बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये करा. एक वाटी पुरते.

पुसायला सोलापुरी टॉवेल घेऊ नका. अंग पुसायला त्याच्यासारखा नाही, पण त्याचे सुटे तंतू रिव्हेटमध्ये अडकतात आणि प्रायमर मारल्यावर केसासारखे उभे राहतात. भाग नुसते झटका आणि पंख्याच्या वाऱ्याला नको, झाकलेल्या जाळीच्या टोपलीत वाळू द्या. जोडणी झाल्यावर, प्रायमरच्या आधी, आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकदा हलकं पुसा आणि पुढे हातमोजे घाला. डोक्याला तेल लावून बसलात तर कपाळ पुसलेल्या बोटाचा ठसा प्रायमरमध्ये माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पाडतो. हँड सॅनिटायझरने पुसू नका. त्यात त्वचेसाठी ग्लिसरीन असतं.

कधी मारायचा

पुस्तकी सूचना बहुतेक थंड मुलखांतून येतात: कॅन कोमट पाण्यात ठेवा, खोली उबदार ठेवा. सोलापुरात वर्षातला बराच काळ नेमकी उलटी चिंता. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी. फवाऱ्याचा थेंब नोझलपासून पंखापर्यंत पोचायच्या आतच वाळतो आणि रव्यासारखा पृष्ठभागावर पडतो. हात फिरवला की खरखर. याला प्रायमर खराब म्हणून शिव्या पडतात, दोष मात्र वेळेचा असतो. उन्हाळ्यात पहाटे सहा ते आठ हीच वेळ. कॅन नेहमी २० ते २५ सेंटिमीटरवर धरतात, तो १५ ते १८ वर आणा आणि हात थोडा जलद फिरवा. एअरब्रश असेल तर लेव्हलिंग थिनर जास्त घाला. पाण्याच्या प्रायमरचा त्रास वेगळा: तो सुईच्या टोकावर वाळून गुठळी करतो. दर दोन-तीन मिनिटांनी टोक ओल्या ब्रशने पुसायची तयारी ठेवा.

पावसाळ्यात लॅकरचा शत्रू ओल. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि राखाडी प्रायमरवर दुधाळ ढग येतात. आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरात असतो. ढगाळ, दमट दिवशी लॅकर मारू नका, पाण्याचा चालेल.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही सुगी. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, सकाळी नऊ-दहाला हवा कोरडी, गार आणि थेंब ओलाच पोचतो. वर्षभराच्या किटना प्रायमर याच दिवसांत मारून ठेवणारे शहाणे. कॅन फार गार वाटला तर अंघोळीच्या कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. गॅसवर किंवा गिझरच्या उकळत्या पाण्यात कधीही नको.

यंत्रमागांच्या भागात, म्हणजे पूर्व भागात, घर असेल तर हवेतल्या रुईचा विचार करावाच लागतो. माग बंद असतात त्या वेळेला काम करा. मारायच्या आधी दहा मिनिटं खोलीत स्प्रे बाटलीने नुसत्या पाण्याचा बारीक फवारा मारा, टेबल ओल्या फडक्याने पुसा, पंखा बंद. प्रायमर झाला की मॉडेलवर मोठं पातेलं किंवा प्लास्टिकचा डबा उपडा घाला, खाली काडेपेटीचा टेकू देऊन, म्हणजे वाफ जायला फट राहील.

मारायची रीत

कॅन दोन मिनिटं हलवा. आतली गोळी खडखडायला लागल्यापासून दोन मिनिटं. भाग चिमट्यावर किंवा काठीला लावून खोक्यात धरा. फवारा भागाच्या बाहेर सुरू करा, भागावरून न थांबता न्या, पलीकडे जाऊन सोडा. भागावर बोट दाबलं किंवा सोडलं की तिथे ठिपका पडतो.

पहिला हात नुसता धुक्यासारखा: खालचं प्लास्टिक स्पष्ट दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर जास्त झालंय. पाच ते दहा मिनिटं थांबा. या पहिल्या हाताचं काम झाकणं नाही, पुढच्या हातांना पकड आणि प्लास्टिकला आडोसा देणं. दुसऱ्या हाताला निम्म्याहून जास्त झाकलं जाईल. तिसऱ्याला एकसारखा रंग येतो, आणि क्षणभर ओलसर चमक दिसून ती विझते. ती चमक दिसली की तिथून पुढे जा. चौथा हात बहुतेक वेळा हौसेचा असतो आणि पॅनेल लाइन तोच बुजवतो. चाकांच्या खोबणी, इंजिनाच्या आतल्या जागा अशा कोपऱ्यांत आधी मारा; शेवटी मारायला गेलात तर कडांवर थर जाड होतो. काम संपलं की कॅन उलटा करून नुसता वायू येईपर्यंत फवारा, नाहीतर पुढच्या वेळी नोझल बंद.

एअरब्रशसाठी: मिस्टर सर्फेसर १००० चा एक भाग, लेव्हलिंग थिनरचे दीड भाग, मे महिन्यात दोन भाग. १५ ते २० पीएसआय दाब, ०.३ किंवा ०.४ मिलिमीटरची सुई, अंतर ८ ते १० सेंटिमीटर. मिश्रण कपाच्या भिंतीवर दुधासारखं सरकून खाली उतरलं पाहिजे, ताकासारखं अडकून नको. १/७२ च्या लढाऊ विमानाला मिसळलेलं सात-आठ मिलिलिटर पुरतं. व्हायेहो तसाच किंवा दोन-चार थेंब फ्लो इम्प्रूव्हर घालून, ०.४ ची सुई.

एन-९५ मास्क फक्त थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. लॅकरला ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. देवघरातला दिवा, उदबत्ती, गॅस गिझर यांच्या खोलीत लॅकर फवारू नका. गच्चीवर मारायचं तर मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, वाऱ्याकडे पाठ करून.

बिघडलं तर

खरखर झाली तर पूर्ण वाळू द्या, १००० ते १५०० चा वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने फिरवा, पुसा, आणि जवळून एक पातळ हात मारा.

ओघळ आला तर हात लावू नका. बोटाने पुसायचा मोह झाला की खालचं मऊ प्लास्टिकही बोटासोबत सरकतं. चोवीस तासांनी ओघळाचा उंचवटा ६०० च्या वॉटर पेपरने सपाट करा, मग १०००.

दुधाळपणा आला असेल तर कोरड्या दिवशी लेव्हलिंग थिनरचा नुसता धुक्यासारखा फवारा बऱ्याचदा तो घालवतो. दोनदा मारूनही गेला नाही तर पुन्हा प्रायमर.

पोपडे निघाले तर कडेने दुरुस्ती करत बसू नका. एका ठिकाणी सुटला म्हणजे सगळीकडेच पकड कच्ची. पाण्याचा प्रायमर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तासभर ठेवून टूथब्रशने निघतो. लॅकर काढायला भाग थिनरमध्ये बुडवू नका. कापसाच्या बोळ्याला किटच्या लॅकरचं थिनर लावून, बोळा सतत बदलत पुसा.

जाळीदार भेगा पडल्या असतील तर प्लास्टिकच तडकलंय, वर काहीही मारून त्या जात नाहीत. दोन-तीन दिवस मॉडेल तसंच ठेवा. अडकलेलं द्रावक बाहेर पडायच्या आत घासलं तर जागा लोण्यासारखी ओढली जाते. मग ४०० च्या वॉटर पेपरने भेगांच्या तळापर्यंत घासा, सर्फेसर ५०० ब्रशने दोन हात, वाळल्यावर ६०० आणि १००० चा पेपर. त्या जागेच्या पॅनेल लाइन स्क्रायबरने पुन्हा कोराव्या लागतील, आणि रिव्हेट गेले ते गेले. १/४८ च्या पंखावर हे काम संध्याकाळभराचं आहे. १/७२ वर सुटा भाग मागवता आला तर तोच मागवा.

उरलेली बाटली बंद करण्यापूर्वी झाकणाचे आटे थिनरने पुसा. लॅकरची बाटली उन्हाळ्यात आटते. घट्ट झाली तर लेव्हलिंग थिनर थोडं थोडं घालून हलवली की परत चालते. पाण्याचा प्रायमर एकदा दह्यासारखा फुटला की मात्र टाकून द्या.